खलनायकाचंही एक गाव असतं

काळ्या कापडावर पांढऱ्या कडेचे लाल ढग. असा टी-शर्ट घातलेलं पोरगं शिरूर कासारच्या बाजारात किंवा एसटी स्टँडवर दिसलं, तर त्याने 'नारुतो' ही जपानी ॲनिमेशन मालिका बघितलीय हे खुशाल समजावं. टीव्हीवर नसेल तर मोबाइलवर, जपानीत नसेल तर हिंदी डबिंगमध्ये. हे लाल ढग नायकाचे नाहीत. ते 'अकात्सुकी' नावाच्या टोळीचा गणवेश आहेत आणि ही टोळी म्हणजे त्या गोष्टीतले सगळ्यात भयंकर खलनायक. आमच्या पिढीने गब्बरचे संवाद पाठ केले, मोगॅम्बोची नक्कल केली, पण त्यांची खूण छातीवर मिरवावी असं कुणाला वाटलं नाही. गब्बर लहानपणी कसा होता, त्याला कुणी मारलं, कुणी उपाशी ठेवलं, हे 'शोले' आपल्याला सांगत नाही आणि आपणही कधी विचारलं नाही.

लाल ढगवाल्या पोराला मात्र आपल्या खलनायकाचं बालपण तोंडपाठ असतं. त्याला थांबवून विचारा, तो सांगेल: नागातो नावाचा एक मुलगा होता. त्याचं गाव लहान, सतत पाऊस पडणारं, आणि तीन मोठ्या राष्ट्रांच्या मधोमध सापडलेलं. युद्ध त्या राष्ट्रांचं, पण लढाया व्हायच्या याच्या गावात. एका रात्री शत्रूचे दोन सैनिक भुकेपोटी घरात शिरले आणि त्यांनी गैरसमजातून त्याच्या आईबापांना मारून टाकलं. पोरका नागातो, याहिको आणि कोनान ही तीन मुलं एकत्र वाढली. त्यांनी शांततेसाठी संघटना उभी केली, ती सत्ताधाऱ्यांच्या डोळ्यांत खुपली, सापळा रचला गेला आणि कोनानला वाचवण्यासाठी याहिकोने नागातोच्याच हातातल्या शस्त्रावर स्वतःला झोकून दिलं. त्यानंतरचा नागातो जगाला 'पेन' म्हणून, म्हणजे वेदना या नावाने माहीत आहे. अकात्सुकीच्या अंगावरचे लाल ढग ही त्या गावावर पडलेल्या रक्ताच्या पावसाची खूण, असं चाहते सांगतात.

मासाशी किशिमोतो यांनी ही मांगा, म्हणजे चित्रकथा, १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षं लिहिली आणि रेखाटली. तिच्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग लढाईचा नाहीच. नायक नारुतोचं अख्खं गाव जमीनदोस्त केल्यावर पेन त्याच्यासमोर उभा राहतो आणि विचारतो, की तुझं गाव मी उद्ध्वस्त केलं म्हणून तू माझा सूड घेणार, हा न्याय. मग माझ्या गावाचं तुम्ही जे केलंत त्याचा मी सूड घेतला, तो न्याय का नाही? शांतता कशी आणणार ते तू सांग. नारुतोकडे उत्तर नसतं. लहान मुलांसाठीच्या मालिकेत नायकाला असं निरुत्तर उभं करायला लेखकाकडे धाडस लागतं. पेनचा स्वतःचा तोडगा असा: एका क्षणात देश पुसून टाकेल असं अस्त्र बनवायचं, ते राष्ट्रांच्या हाती द्यायचं, एकदा ते वापरलं गेलं की माणसं भीतीने काही वर्षं गप्प बसतील, विसरतील, पुन्हा वापरतील, पुन्हा गप्प बसतील. हिरोशिमा आणि नागासाकी ज्या देशाने भोगलं, तिथल्या चित्रकाराच्या लेखणीतून हा विचार उतरलेला आहे हे लक्षात घेतलं की त्याला कार्टून म्हणून बाजूला सारता येत नाही.

जेम्स गिलिगन नावाच्या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने मॅसॅच्युसेट्सच्या तुरुंगांत खुनी आणि हिंसक कैद्यांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. त्याचं पुस्तक १९९६ साली आलं. तू हे का केलंस, असं तो कैद्यांना विचारायचा आणि वेगवेगळ्या शब्दांत उत्तर पुन्हा पुन्हा तेच यायचं: त्याने माझा अपमान केला. गिलिगनचं म्हणणं असं, की गंभीर हिंसेच्या मुळाशी बहुतेक वेळा लाज असते, आपण कुणीच नाही असं वाटायला लावणारी. ती लाज जिरवायचा दुसरा कुठलाच मार्ग माणसाला दिसत नाही, तेव्हा तो समोरच्याला लहान करून स्वतः मोठा होऊ बघतो. अपमान झालेला प्रत्येक जण खुनी होत नाही, हेही तो सांगतो. ज्याच्याकडे मान मिळवण्याचं दुसरं साधन असतं, प्रेमाची माणसं असतात, तो तरतो.

हे वाचताना मला नागातोच्याही आधी आठवला तो घाशीराम.

विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात रंगमंचावर आलं. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नाना फडणवीस मोहन आगाशे. नाटकातला घाशीराम पोट भरायला कनौजहून पुण्यात आलेला आहे. इथे त्याला कुणी ओळखत नाही. नसलेल्या चोरीचा आळ त्याच्यावर येतो, त्याला मारलं जातं, कोठडीत टाकलं जातं, आणि शहराबाहेर हाकललेला हा माणूस सूडाची शपथ घेतो. सूडासाठी सत्ता हवी, सत्तेसाठी नानांची मर्जी हवी, आणि त्या मर्जीसाठी तो पोटची कोवळी पोर नानांच्या हवाली करतो. कोतवालपद मिळतं. मग ज्या पुण्याने त्याच्यावर खोटा आळ घेतला त्या पुण्यात तो खोट्या आळांवरच माणसांना तुडवू लागतो. एका निरपराधाच्या हातावर तापवलेला लोखंडी गोळा ठेवायला लावून कबुली घेतो, तो प्रसंग ज्याने बघितलाय त्याच्या अंगावर आजही काटा येतो. झालेला अन्याय जसाच्या तसा, फक्त बाजू बदलून, दुसऱ्यावर करणं: गिलिगनच्या कैद्यांच्या जबान्यांत जे सापडतं तेच चोवीस वर्षं आधी तेंडुलकरांनी लावणी, कीर्तन आणि खेळियाच्या अंगाने मांडून ठेवलं होतं.

या नाटकाची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. रंगमंचावर माणसांची एक रांग सतत असते. ती गाते, डोलते, वळते, पाठ फिरवते, कधी भिंत होते, कधी गर्दी. घाशीराम जिच्यावर आपटतो ती भिंत हीच आणि शेवटी त्याला दगडांनी ठेचणारा जमावही हाच. आणि नाना? ते सहीसलामत राहतात. ज्याने घाशीराम घडवला, वापरला आणि काम झाल्यावर जमावापुढे फेकला, तो उत्सवाची आज्ञा देऊन मोकळा होतो. इतिहासातला घाशीराम १७९१ साली पुण्यात दगडांखाली मेला. नाटकातल्या घाशीरामाकडे बघताना प्रश्न पडतो तो असा, की याला दगड मारणाऱ्या हातांपैकी किती हात त्याच्यावर चोरीचा आळ घेणारेही होते.

मराठी रंगभूमीवर खलनायकाकडे असं बघायला वेळ लागला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवधा'तला १९०७ चा कीचक म्हणजे प्रेक्षकांच्या लेखी थेट लॉर्ड कर्झन होता. त्याच्या मनात डोकावण्याची तेव्हा गरजही नव्हती, त्याचा वध बघायची होती. इंग्रज सरकारलाही ते कळलं आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. द्वेष करण्यासाठीचा खलनायक आणि समजून घेण्यासाठीचा खलनायक, दोघांचीही समाजाला आपापल्या वेळी गरज पडते. आजच्या ॲनिमेत, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका-चित्रपटांत, दुसऱ्या जातीचे खलनायक जास्त आहेत, आणि त्यांच्यातला सगळ्यात पूर्ण उतरलेला माझ्या मते अकाझा.

'डिमन स्लेयर' या मालिकेचा 'इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ ला भारतात लागला, हिंदी डबिंगसह. ज्यांनी तो बघितला ते तलवारबाजीबद्दल बोलतात, पण थिएटरात डोळे पुसले जातात ते अकाझासाठी, आणि अकाझा हा माणसं खाणारा राक्षस आहे. दुबळ्यांचा त्याला मनस्वी तिटकारा. दुबळी माणसं बघितली की मळमळतं, असं त्याचं वागणं. मग त्याचं शीर धडावेगळं होतं आणि विसरलेलं सगळं परत येतं.

शेकडो वर्षांपूर्वी तो हाकुजी नावाचा एक गरीब पोरगा होता. बाप अंथरुणाला खिळलेला. औषधाला पैसे नाहीत म्हणून हा खिसे कापायचा, पकडला जायचा, फटके खायचा, आणि गुन्हेगाराची खूण म्हणून प्रत्येक वेळी त्याच्या हातावर गोंदणाचा एक पट्टा वाढायचा. मारणाऱ्यांपुढे तो कधी रडला नाही. रडायची वेळ आली ती बापाने गळफास घेतला तेव्हा: दुसऱ्याचं लुटून आणलेल्या पैशावर मला जगायचं नाही, तू सरळ मार्गाने जग, अशी चिठ्ठी मागे ठेवून. पुढे केइझो नावाच्या, निःशस्त्र लढाई शिकवणाऱ्या एका गुरूने या पोराला मारामारीत लोळवलं आणि घरी नेऊन आपल्या आजारी मुलीच्या उशाशी बसवलं. हाकुजीने कोयुकीची सेवा केली, कपाळावरच्या पट्ट्या बदलल्या, पाणी पाजलं. ती बरी झाली, दोघांचं लग्न ठरलं. ती बातमी बापाच्या थडग्यापाशी सांगायला तो गेला आणि परत आला तेव्हा शेजारच्या आखाड्यातल्या लोकांनी विहिरीत विष कालवलेलं होतं. गुरूही गेला, कोयुकीही गेली. हाकुजीने त्या आखाड्यातली ६७ माणसं नुसत्या हातांनी मारली. मुझान नावाचा महाराक्षस त्याला भेटला तो त्यानंतर.

आता त्याच्या तिटकाऱ्याकडे परत बघा. ज्याच्याजवळची तिन्ही माणसं दुबळेपणी, आजारपणात किंवा दग्याने गेली आणि ज्याला एकालाही वाचवता आलं नाही, त्याला खरा राग कुणाचा असेल? स्वतःचाच. पण स्वतःचा राग सहन होत नाही, म्हणून मन तो बाहेरच्यावर टाकतं. फ्रॉइडपासून मानसशास्त्र याला प्रक्षेपण म्हणत आलं आहे. ज्या गोष्टीची आपल्याला आतून सर्वांत जास्त लाज वाटते, तिचाच दुसऱ्यात दिसताच आपण तिरस्कार करतो. मूळ मांगा लिहिणाऱ्या कोयोहारू गोतोगे यांनी हे कुठे समजावून सांगितलेलं नाही. त्यांनी फक्त दोन खुणा ठेवल्या: अकाझा बायकांना खात नाही, आणि लढायला उभा राहिला की त्याच्या पायाखाली उमटणारी आकृती कोयुकीच्या केसातल्या बर्फाच्या फुलासारखी असते. आठवण पुसली गेली तरी शरीराने ती सोडलेली नाही. मोठ्या कादंबरीकाराला शोभेल असं हे काम आहे.

इथे पालक एक शंका काढतात आणि ती रास्त आहे. खलनायकाचं दुःख इतकं दाखवलं की मुलांना त्याचे खूनही बरोबर वाटायला लागतील, त्याचं काय? त्याचं उत्तर याच मालिकेच्या नायकात आहे. तांजिरो राक्षसाचं शीर उडवतो. एकदाही मागे हटत नाही. आणि मग राखेत विरघळणाऱ्या त्या शरीरावर हात ठेवतो. रुई नावाच्या कोळीरूपी राक्षसाच्या कपड्यांवर दुसरा योद्धा पाय देतो तेव्हा तांजिरो त्याला पाय काढायला सांगतो, कारण हा आधी माणूस होता. शिक्षा आणि कणव या दोन गोष्टी एकाच हाताने करता येतात हे दहाव्या-बाराव्या वर्षी कळलं, तर त्या मुलाला आयुष्यभर पुरेल.

जे कारण असतं ती सबब नसते. हे आणखी कठोरपणे सांगणारी मालिका म्हणजे नाओकी उरासावा यांची 'मॉन्स्टर'. मांगा १९९४ ते २००१, त्यावरची मालिका ७४ भागांची. गोष्ट जर्मनीत घडते. केन्झो तेनमा हा जपानी मेंदूशल्यचिकित्सक १९८६ साली ड्युसेलडॉर्फच्या रुग्णालयात एका रात्री वरिष्ठांचा हुकूम मोडतो. नगराच्या महापौरावर शस्त्रक्रिया करायची सोडून, आधी दाखल झालेल्या एका मुलाचा जीव वाचवतो, कारण सगळ्यांचे प्राण सारखे. तो मुलगा, योहान, पुढे थंड डोक्याने माणसं मारत सुटतो. आता डॉक्टरच्या तत्त्वाचं काय करायचं? सगळ्यांचे प्राण सारखे, याचेही?

योहानच्या बालपणात काय नाही? हुकूमशाही राजवटीतले प्रयोग, किंडरहाइम ५११ नावाचं अनाथालय, आईपासून झालेली ताटातूट. कारणांची रास आहे. पण उरासावांनी त्याला एक जुळी बहीण दिली आहे. तिनेही तेच घर, तीच आई, तोच अंधार बघितला. किंबहुना त्यातला सगळ्यात काळा प्रसंग तिच्या वाट्याला आला. ती खुनी झाली नाही. बालपणाने दार उघडलं असेल, पण आत पाऊल कोण टाकतं, हा प्रश्न या एका बहिणीमुळे शेवटपर्यंत जिवंत राहतो. माणूस परिस्थितीचा गुलाम की आपल्या कृतीचा धनी, यावर पोथ्याच्या पोथ्या लिहिल्या गेल्या आहेत. उरासावांनी त्यासाठी दोन भावंडं समोरासमोर उभी केली.

नागातो, घाशीराम आणि हाकुजी यांचं समजू शकतं, कारण त्यांच्यावर अन्याय झाला होता. ज्याच्यावर कुठलाच अन्याय झालेला नाही तो खलनायक कसा होतो? 'डेथ नोट'चा लाइट यागामी हे त्याचं उत्तर, आणि पालक म्हणून मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते. हा मुलगा अभ्यासात पहिला, देखणा, वडील पोलीस खात्यात मोठ्या हुद्द्यावर आणि अत्यंत सचोटीचे. एक दिवस त्याला वही सापडते. चेहरा डोळ्यांपुढे आणून तिच्यात नाव लिहिलं की चाळीस सेकंदांत तो माणूस हृदय बंद पडून मरतो. त्सुगुमी ओबा यांची कथा, ताकेशी ओबाता यांची चित्रं, त्यावरची ३७ भागांची मालिका २००६-०७ ची.

लाइट पहिलं नाव लिहितो ते मुलांना ओलीस धरणाऱ्या गुंडाचं. कुणाला वाईट वाटेल? नंतर तुरुंगातले गुन्हेगार. मग त्याच्या शोधावर आलेले बारा एफबीआय एजंट, ज्यांनी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बॅंडुरा यांनी चांगली माणसं आपल्याच विवेकाला चुकवून वाईट कशी वागतात याच्या आठ वाटा सांगितल्या आहेत. त्यांतल्या या काही: कृत्याला उदात्त हेतू जोडायचा, त्याला सोज्वळ नाव द्यायचं, त्याहून मोठ्या पापाशी तुलना करायची, जबाबदारी दुसऱ्यावर ढकलायची, परिणामांकडे बघायचंच नाही, समोरच्याला माणूस समजायचं नाही, दोष त्याच्याच पदरात घालायचा. लाइट या बहुतेक सगळ्या वाटांनी चालतो. तो खून करत नाही, 'नवं जग' घडवतो. मरणारे 'कचरा' असतात. जे मध्ये आले त्यांनी मध्ये यायलाच नको होतं. आणि वहीची सोय अशी, की रक्त दिसत नाही.

सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी प्लेटोने हीच वही अंगठीच्या रूपात लिहून ठेवली आहे. गायजीस नावाच्या मेंढपाळाला अदृश्य करणारी अंगठी सापडते आणि तो राजाला मारून राज्य बळकावतो. प्लेटोच्या ग्रंथातला प्रश्न असा: पकडलं जाण्याची भीती नसेल तर कुणी चांगलं का वागावं? आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर सप्ताहाच्या कीर्तनात मिळतं आणि बीड जिल्ह्यातल्या पोरांनी ते लहानपणापासून ऐकलेलं असतं. वाटमारी करणाऱ्या वाल्याला नारद एवढंच म्हणतो, की ज्यांच्यासाठी हे करतोस त्यांना विचारून ये, पापात वाटेकरी होणार का. बायको नाही म्हणते, मुलं नाही म्हणतात, आणि वाल्या तिथेच बदलतो. बॅंडुरा यांच्या भाषेत सांगायचं तर घरच्यांसाठी करतो ही त्याची पळवाट त्या एका प्रश्नाने बंद झाली.

लाइट घरी कधीच विचारत नाही. उलट त्याच्या वडिलांचा मृत्यू या मालिकेतला सगळ्यात हृदयद्रावक प्रसंग आहे. वही परत मिळवण्याच्या मोहिमेत जखमी झालेला तो सचोटीचा बाप मरणाच्या दारात आहे. त्याला मिळालेल्या विशेष दृष्टीने तो मुलाकडे बघतो, ज्याच्याकडे वही आहे त्याचं आयुष्य त्या दृष्टीला दिसत नसतं, पण लाइटचं दिसतं, कारण त्या घडीला वही त्याच्या मालकीची नाही. बाप समाधानाने म्हणतो, की तू तो नाहीस. आणि मुलगा? मरणाऱ्या बापाने अखेरच्या श्वासात आणखी एक नाव वहीत लिहावं म्हणून तो त्याला विनवत असतो. वाल्याला जिथे थांबवलं गेलं ते ठिकाण लाइटने असं ओलांडलं.

इथपर्यंतचे खलनायक चेहऱ्याचे होते. हायाओ मियाझाकी यांच्या १९९७ च्या 'प्रिन्सेस मोनोनोके'मध्ये चेहरा हरवतो. एबोशी नावाची बाई जंगल तोडून लोखंडाची भट्टी चालवते, वनदेवतेवर गोळी झाडते, म्हणजे ही खलनायिका. पण तिच्याच गावात कुंटणखान्यांतून सोडवलेल्या बायका मानाने भाता चालवतात आणि ज्यांना कुणी शिवत नाही त्या कुष्ठरोग्यांना ती हाताने मलमपट्टी करते. तिला मारून टाकलं तर त्या बायका कुठे जातील?

शिरूर कासारच्या वाचकाला हा प्रश्न नवा नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास सिंदफणेच्या काठची गावं रिकामी होतात, ट्रकमध्ये संसार भरून माणसं पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात. मुलांपैकी काही सोबत जातात, काही आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने पाहणी केली, तेव्हा बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी सुमारे १३ हजार ८०० जणींचं गर्भाशय काढलेलं असल्याचं समोर आलं. यातला खलनायक दाखवा. मुकादम? त्याने कारखान्याकडून, वाहतूकदाराकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडली नाही तर त्याचीच जमीन जाते. खाड्याचा दंड? तो आधीपासून चालत आलेला. डॉक्टर म्हणतो, बाईच म्हणाली काढून टाका. बाई म्हणते, पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही. प्रत्येकाकडे कारण आहे आणि बेरीज राक्षसी आहे. विचारवंत हॅना आरेंट यांनी नाझी अधिकारी आइकमनचा १९६१ सालचा खटला बघून लिहिलं, की समोर राक्षस नव्हता, नेमून दिलेलं काम विचार न करता करणारा एक सामान्य माणूस होता. ऊसतोडीची तुलना त्या नरसंहाराशी होऊ शकत नाही. पण वाईट गोष्ट घडायला वाईट माणूस लागतोच असं नाही, ही आरेंट यांची शिकवण इथे तंतोतंत लागू पडते.

आणि चेहरा असला, तरी तो किती साधा असू शकतो हे 'सामना'ने दाखवलं आहे. तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, निर्माते इथून जवळच्या जामखेडचे रामदास फुटाणे. १९७५ मध्ये हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात गेला. निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट आरडाओरडा करत नाही. आपण गावासाठी काय काय उभं केलं ते तो अभिमानाने दाखवतो, आणि त्याला ते मनापासून खरं वाटतं. एवढं सगळं उभं करताना एखादा मारुती कांबळे नाहीसा झाला तर त्याचं काय एवढं, हा त्याचा हिशेब. लाइट यागामीचाही हिशेब हाच, फक्त त्याला उभा केलेला कारखाना नव्हे, तर भविष्यातलं नवं जग दिसतं. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं, हे तत्त्वज्ञ बेंथमचं सूत्र एका माणसाच्या हाती पडलं आणि त्याला विचारणारं कुणी उरलं नाही, की त्यातून हिंदुरावही निघतो आणि लाइटही. 'सामना'त विचारणारा एक दारुडा मास्तर आहे, डॉ. श्रीराम लागूंनी अजरामर केलेला. नुसता प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्याने सत्तेची झोप उडते, हे त्याने दाखवलं.

आता त्या लाल ढगांच्या टी-शर्टकडे. मुलांना खलनायक आवडतात याची काळजी करावी का? नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या रेबेका क्राउस आणि डेरेक रकर यांनी २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं, की आपल्याशी साम्य असलेला खलनायक माणसाला जास्त ओढून घेतो, पण तो काल्पनिक असेल तरच. खऱ्या वाईट माणसाशी असलेलं साम्य नकोसं वाटतं, कारण त्याने आपलीच प्रतिमा डागाळते. गोष्ट असली की तो धोका नसतो, मग आपल्यातला राग, हेवा, सूडाची इच्छा यांच्याकडे माणूस निवांत बघू शकतो. आईवडील सहा महिने दूर असलेल्या मुलाला नागातो जवळचा वाटला तर त्यात बिघडलेलं काही नाही. त्याला स्वतःच्या एकटेपणासाठी एक चेहरा सापडलेला आहे.

काळजी करायची ती वेगळ्या ठिकाणी. त्याच मोबाइलवर, पुढच्या बोटभर अंतरावर, खरी रील्स आहेत: कमरेला पिस्तूल, गाड्यांचा ताफा, नोटांचे गड्डे, मागे दणदणीत गाणं. मार्च २०२५ मध्ये शिरूर कासार तालुक्याचं नाव राज्यभर गाजलं ते एका मारहाणीच्या व्हिडिओमुळे, हे आपण विसरलेलो नाही. या रीलमधल्या 'भाई'ला बालपण नसतं, पश्चात्ताप नसतो, त्याने मारलेल्या माणसाचं घर कधी दिसत नाही आणि त्याला प्रश्न विचारणारा नारुतो किंवा मास्तरही नसतो. अकाझाची गोष्ट त्याच्या हातून झालेल्या संहाराचा हिशेब मांडून संपते. रील हिशेबाच्या आधीच संपतं. खलनायकाला पूर्ण बघायची सवय ज्या मुलाला ॲनिमेने लावली, ते मूल रीलमधल्या भाईबद्दलही पुढचं विचारू शकेल, अट एवढीच की कुणीतरी मोठ्या माणसाने ते त्याच्याशी बोललेलं असावं.

म्हणून शाळेतल्या गुरुजींना, वसतिगृहाच्या अधीक्षकांना आणि घरच्या आजी-आजोबांनाही एक विनंती आहे. पोरगं मोबाइलवर ते जपानी कार्टून बघत असलं तर हातातून फोन ओढून घेण्याआधी दहा मिनिटं शेजारी बसा. याच्यावर काय अन्याय झाला होता, ते विचारा. ते फार रंगवून सांगेल. मग विचारा, त्याच्या बहिणीने, मित्राने किंवा गुरूने तेच सोसूनही वेगळं काय केलं. आणि शेवटी, याने ज्यांना मारलं त्यांच्या घरी आता कोण आहे. मराठीच्या तासाला 'घाशीराम' आणि 'सामना'ची गोष्ट सांगणाऱ्या शिक्षकांनी एक तास अकाझालाही द्यावा. मुलं त्या दिवशी वर्गात नक्की बोलतील.